सुरांचा हिशेब

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• स्वतंत्र संगीत म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• तबकडी, कॅसेट, सीडी आणि इंटरनेट या टप्प्यांत कलावंताच्या मिळकतीत काय बदल झाला, ते स्पष्ट करता येईल;
• गाणे विकणे आणि गाणे ऐकवणे यांतील आर्थिक फरक उदाहरणाने दाखवता येईल;
• गीतकार, संगीतकार व गायक यांचे कायदेशीर हक्क ओळखता येतील;
• एखादा करार वाचताना कोणत्या बाबी तपासाव्यात, हे सांगता येईल.

प्रस्तावना

पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे नाव लावणीच्या रसिकाला सांगावे लागत नाही. आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष हे त्यांचे गाव. त्यांनी रचलेल्या लावण्या व कवने महाराष्ट्रभर गायिली गेली आणि आजही गायिली जातात. मात्र या शाहिराचे अखेरचे दिवस अतिशय हलाखीत गेले. रचना लोकांच्या ओठांवर होती. तिचे मोल रचनाकाराच्या पदरात पडले नाही.

गाणे लोकप्रिय होणे आणि गाणाऱ्याचा संसार चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका उदाहरणावरून कळते. आज परिस्थिती बदलली आहे. साध्या मोबाइलवर गाणे ध्वनिमुद्रित करता येते आणि काही मिनिटांत ते जगभर पोहोचवता येते. तरीही जुना प्रश्न कायम आहे : गाणे पोहोचले, पण कलावंताच्या घरी काय आले?

प्रस्तुत पाठात याच प्रश्नाचा विचार केला आहे. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या नोकरीत किंवा बंधनात न राहता कलावंताने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या मालकीत निर्माण केलेल्या संगीतास ‘स्वतंत्र संगीत’ असे म्हणतात. अशा संगीतावर उपजीविका कशी होऊ शकते आणि ती कोठे अडते, ते या पाठात पाहू या.

मूलपाठ

१. बिदागीपासून तबकडीपर्यंत

ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यापूर्वी गाणे आणि गाणारा यांची ताटातूट होत नव्हती. गाणे ऐकायचे तर गाणाऱ्याला बोलवावे लागे आणि त्याला बिदागी द्यावी लागे. तमाशाच्या व्यवसायात ही रीत अजूनही टिकून आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे यात्रांच्या हंगामात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे येतात आणि आपल्या जत्रेसाठी फडाला सुपारी देतात. व्यवहार समोरासमोर होतो. किती पैसे ठरले आणि किती मिळाले, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

तबकडी आली आणि हे नाते बदलले. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गेसबर्ग यांनी कोलकाता येथे गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असल्याने विस्ताराने गायिला जाणारा राग तेवढ्या अवधीत बसवावा लागे. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारीत. त्या काळी मूळ मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हर येथे जाई आणि तबकड्या तेथे तयार होऊन परत येत. कोणते गाणे कोणाचे, याची तेथील कामगारांना ओळख पटावी, हा त्या उच्चाराचा हेतू असल्याचे सांगितले जाते.

आपल्याकडे ही कल्पना नवी नव्हती. संतांच्या अभंगांत आणि शाहिरांच्या कवनांत शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा गुंफलेली असते. रचना कोठेही गेली, तरी कर्त्याचे नाव तिच्याबरोबर जावे, ही त्यामागची दृष्टी. मात्र नाममुद्रेने कर्त्याचे नाव टिकते, त्याचे उत्पन्न टिकत नाही.

तबकडीच्या धंद्यात यंत्रे, कारखाना आणि विक्रीची साखळी कंपनीच्या हाती होती. १९८० नंतर कॅसेटचा प्रसार झाला आणि ध्वनिमुद्रण स्वस्त झाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेट खेडोपाडी पोहोचवल्या. मराठीत भीमगीते, भक्तिगीते, कोळीगीते आणि लोकगीते यांना मोठी बाजारपेठ मिळाली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज घराघरांत गेला. परंतु ध्वनिमुद्रणाच्या दिवशी एकरकमी मानधन घ्यायचे आणि पुढील विक्रीशी संबंध संपवायचा, हीच पद्धत अनेक कलावंतांच्या वाट्याला आली. कॅसेट दहा हजार खपली काय अथवा दहा लाख खपली काय, कलावंताच्या हाती आलेली रक्कम तीच राहिली.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
(१) तमाशाच्या फडाला कार्यक्रम देण्याच्या व्यवहाराला ‘………’ देणे असे म्हणतात.
(२) रचनेच्या शेवटी कवीच्या येणाऱ्या नावास ………… म्हणतात.

(आ) कॅसेटच्या काळात गाणे खूप खपले तरी अनेक कलावंतांची मिळकत का वाढली नाही? एका वाक्यात उत्तर लिहा.

२. कलावंताने मांडलेले दुकान

कंपनीच्या आधाराशिवाय गाणे विकता येईल का, या प्रश्नाला इंटरनेटने पहिले ठोस उत्तर दिले. अमेरिकेतील संगीतकार डेरेक सिव्हर्स यांना स्वतःची सीडी विकायची होती. मोठे वितरक अनोळखी कलावंताचा माल घेत नसत. म्हणून त्यांनी विक्रीसाठी स्वतःचेच संकेतस्थळ तयार केले. मित्रांनी आपल्याही सीडी तेथे ठेवण्याची विनंती केली आणि त्यातून १९९८ मध्ये ‘सीडी बेबी’ हे दुकान उभे राहिले.

या दुकानाचे नियम कलावंताच्या बाजूने विचार करून ठरवलेले होते. नोंदणीसाठी ३५ डॉलर एकदाच घेतले जात आणि प्रत्येक सीडीमागे दुकान ४ डॉलर ठेवी; किंमत कलावंताने ठरवावी आणि उरलेली रक्कम त्याची. शिवाय चार तत्त्वे होती. पहिले, विक्रीचे पैसे दर आठवड्याला मिळावेत. दुसरे, सीडी घेणाऱ्याचे नाव व पत्ता कलावंताला कळावा. तिसरे, विक्री कमी झाली म्हणून कोणाला दुकानातून काढू नये. चौथे, पैसे देऊन दर्शनी जागा विकत घेता येऊ नये.

यांतील दुसरे तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे. पेठेतील दुकानदार कलावंताला ग्राहकाचे नाव कधीच सांगत नसे. ज्या श्रोत्याने एकदा पैसे मोजून गाणे घेतले, तो पुढचे गाणेही घेण्याची शक्यता अधिक असते. त्याचा पत्ता ज्याच्याजवळ आहे, त्याच्याजवळ खऱ्या अर्थाने दुकान आहे. सिव्हर्स यांनी २००८ मध्ये ही संस्था विकली आणि २०२० मध्ये तिने श्रोत्यांना थेट विक्री करणे थांबवले. तरी तिने घालून दिलेली तत्त्वे आजही कसोटी म्हणून वापरता येतात. कोणतीही नवी सेवा स्वीकारताना कलावंताने विचारावे : पैसे केव्हा मिळतात? श्रोता कोण आहे, हे मला कळते काय?

३. विक्रीकडून श्रवणाकडे

२८ एप्रिल २००३ रोजी ॲपल कंपनीने ‘आयट्यून्स म्युझिक स्टोअर’ सुरू केले. एक गाणे ९९ सेंटला मिळू लागले. सीडी छापण्याचा, साठवण्याचा आणि पाठवण्याचा खर्च नाहीसा झाला. परंतु बदल येथेच थांबला नाही. २००८ मध्ये स्वीडनमध्ये स्पॉटिफाय ही सेवा सुरू झाली. २०१९ मध्ये ती भारतात आली. अशा सेवांमध्ये श्रोता गाणे विकत घेत नाही. तो मासिक वर्गणी भरतो, अथवा जाहिराती ऐकून विनामूल्य संगीत ऐकतो. भारतात २०१६ पासून मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाल्याने ही सवय झपाट्याने पसरली.

या पद्धतीत पैसे कसे वाटले जातात, हे समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या श्रोत्याने महिनाभर केवळ एकाच शाहिराची गाणी ऐकली, तरी त्याची वर्गणी सरळ त्या शाहिराला जात नाही. सामान्यतः सर्व वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एका राशीत जमा होते. सेवा आपला वाटा काढून घेते आणि उरलेली रक्कम एकूण श्रवणांच्या प्रमाणात वाटली जाते. त्यामुळे एका श्रवणाचा दर निश्चित नसतो. तो देशानुसार आणि महिन्यानुसार बदलतो. वर्गणी कमी असलेल्या देशात तो कमीच राहतो. स्पॉटिफायने २०२४ पासून आणखी एक अट घातली आहे. मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेले गाणे तेथे मुद्रणाच्या मोबदल्यास पात्र ठरत नाही.

या दोन पद्धतींतील अंतर झोई कीटिंग यांच्या हिशेबावरून दिसते. कॅनडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत कार्य करणाऱ्या या चेलोवादक स्वतःच्या मुद्रणांची मालकी स्वतःकडे ठेवतात. इतर कलावंतांना उपयोग व्हावा, म्हणून त्यांनी आपले उत्पन्न लोकांसमोर मांडले. २०१३ या वर्षात मुद्रित संगीतापासून त्यांना सुमारे ७५,००० डॉलर मिळाले. त्यांतील ९२ टक्के रक्कम प्रत्यक्ष विक्रीतून आली होती. उलट स्पॉटिफायवर त्यांची गाणी सुमारे ४ लाख वेळा ऐकली गेली आणि त्याबद्दल सुमारे १,७६४ डॉलर मिळाले. म्हणजे एका श्रवणामागे अर्धा सेंटही पडला नाही.

त्यानंतर काळ पुढे गेला आहे आणि विक्रीची जागा श्रवणाने मोठ्या प्रमाणात घेतली आहे. म्हणून ते आकडे आज जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. परंतु त्यांतून मिळणारा धडा जुना झालेला नाही : चार लाख हा आकडा मनाला सुखावतो, पण महिन्याचा किराणा त्याने भरत नाही. श्रवणसंख्या ही प्रसिद्धीची मोजणी आहे; मिळकतीची मोजणी वेगळी करावी लागते.

४. थोडके, पण आपले श्रोते

२००८ मध्ये अमेरिकी लेखक केविन केली यांनी एक साधा विचार मांडला. कलावंताला लाखो चाहत्यांची गरज नाही. दरवर्षी १०० डॉलर खर्च करणारे एक हजार निष्ठावान चाहते मिळाले, तर वर्षाला एक लाख डॉलर होतात. हे गणित भारतात जसेच्या तसे उतरवता येणार नाही. एक हजार निष्ठावान श्रोते जोडणे हेही वर्षानुवर्षांचे काम आहे. परंतु विचाराची दिशा उपयुक्त आहे.

त्याच वर्षी ‘बँडकॅम्प’ हा विक्रीमंच सुरू झाला. तेथे कलावंत स्वतः किंमत ठरवतो, आणि श्रोत्याला इच्छा असल्यास त्याहून अधिक रक्कमही देता येते. मुद्रणाच्या विक्रीवर मंच १५ टक्के अडत घेतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कार्यक्रम बंद पडले, तेव्हा या मंचाने ठरावीक शुक्रवारी आपली अडत सोडून देण्याचा उपक्रम सुरू केला.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ या. समजा, एका भजनी गायकाने आठ गाण्यांचा संच तयार केला आणि त्याची किंमत २०० रुपये ठेवली. तीनशे श्रोत्यांनी तो विकत घेतला.

एकूण विक्री : ३०० × २०० = ६०,००० रुपये
१५ टक्के अडत : ९,००० रुपये
गायकाकडे उरलेली रक्कम : ५१,००० रुपये

पैसे वळते करण्याचा खर्च आणि कर यांत धरलेला नाही. आता समजा, एका श्रवणामागे १० पैसे मिळतात. तेवढेच ५१,००० रुपये मिळवण्यासाठी त्याची गाणी ५ लाख १० हजार वेळा ऐकली जावी लागतील. तीनशे माणसे आणि पाच लाख श्रवणे यांत कोणते लक्ष्य आपल्या आवाक्यातले, हे प्रत्येक कलावंताने आपल्या परिस्थितीनुसार ठरवावे.

भारतात २०१६ मध्ये यूपीआय ही व्यवस्था सुरू झाल्याने श्रोत्याकडून थेट पैसे स्वीकारणे सोपे झाले आहे. कार्यक्रमाच्या ठिकाणी चौकटीचे चित्र लावून, तेथेच गाण्यांचा संच देऊन पैसे घेता येतात. मोबाइलवरील गाणी अशा कलावंताला मुख्यतः ओळख मिळवून देतात. त्या ओळखीतून जत्रा, लग्न, हळद, कीर्तन किंवा शाळेचे स्नेहसंमेलन यांची निमंत्रणे येतात. अनेकांच्या बाबतीत खरी मिळकत या बिदागीचीच असते. म्हणून गाणे, कार्यक्रम, शिकवणी आणि स्वामित्वधन असे अनेक झरे एकत्र आणूनच उपजीविकेची विहीर भरते.

५. परक्याच्या अंगणातील मांडव

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ मोबाइल ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतील अनेक गायक, नर्तक आणि नकलाकारांनी तेथे मोठा श्रोतृवर्ग जमवला होता. बंदीच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे करायचा नाही. मुद्दा इतकाच की, वर्षानुवर्षे जोडलेला श्रोतृवर्ग अल्पावधीत हातचा गेला, आणि त्यांतील कोणाचा पत्ता वा दूरध्वनी कलावंताजवळ नव्हता.

दुसरे उदाहरण ‘मायस्पेस’ या संकेतस्थळाचे आहे. एके काळी नव्या संगीताचे ते प्रमुख ठिकाण होते. २००३ ते २०१५ या काळात तेथे ठेवलेली गाणी संगणक बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. अशा गाण्यांची संख्या कोट्यवधी होती. ज्यांनी मूळ मुद्रण स्वतःजवळ जपले नव्हते, त्यांचे काम कायमचे गेले.

परक्याच्या अंगणात मांडव घालायला हरकत नाही. गर्दी तेथेच जमते. मात्र मांडव आपला असला तरी अंगण आपले नाही, हे विसरू नये. मूळ मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. ज्यांनी आपले संगीत विकत घेतले वा कार्यक्रम ठरवला, त्यांची यादी त्यांच्या संमतीने स्वतःच्या वहीत ठेवावी.

पाठगत प्रश्न २

(अ) चूक की बरोबर ते सांगा.
(१) श्रवणसेवेतील प्रत्येक श्रवणाचा दर सर्व देशांत सारखा असतो.
(२) झोई कीटिंग यांना २०१३ मध्ये मुद्रित संगीतातील बहुतांश उत्पन्न विक्रीतून मिळाले.

(आ) एका गायिकेने १५० रुपयांचा संच २०० श्रोत्यांना विकला. १५ टक्के अडत वजा जाता तिच्याकडे किती रक्कम उरेल?

६. सही करण्यापूर्वी

एका गाण्यात अनेकांचे हक्क एकत्र आलेले असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा हक्क संगीतकाराचा, सादरीकरणाचा हक्क गायक-वादकांचा, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते तयार करवून घेणाऱ्या निर्मात्याचा असतो. स्वतंत्र कलावंत अनेकदा या सर्व भूमिका एकटाच पार पाडतो. आपण एकाच वेळी किती हक्कांचे धनी आहोत, याची त्याला बहुधा कल्पना नसते.

भारतात या हक्कांचे नियमन प्रताधिकार अधिनियम, १९५७ या कायद्याने होते. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली असल्यास ती वादाच्या प्रसंगी पुरावा म्हणून उपयोगी पडते.

२०१२ च्या दुरुस्तीने या कायद्यात महत्त्वाची भर घातली. गीतकार आणि संगीतकार यांनी आपला हक्क कंपनीला दिला, तरी ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातील समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तो सोडल्याचे कलम करारात असले, तरी ते कायद्याने टिकत नाही. पूर्वी एकरकमी पैसे देऊन सर्व काही लिहून घेण्याची जी रीत होती, तिला या तरतुदीने आळा बसला. गायक-वादकांनाही त्यांच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराबद्दल स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. गीतकार व संगीतकारांसाठी १९६९ मध्ये ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. गायकांच्या हक्कांसाठी २०१३ मध्ये स्वतंत्र संस्था निर्माण झाली. परंतु संस्थेचे सभासदत्व घेऊन आपली गाणी तिच्याकडे नोंदवल्याशिवाय संस्थेमार्फत गोळा होणारा मोबदला कलावंतापर्यंत पोहोचत नाही.

कोणताही करार करताना पुढील बाबी तपासाव्यात :

(१) लेखी स्वरूप. प्रताधिकाराचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. तोंडी शब्दाने हक्क जात नाही. कराराची एक प्रत आपल्याजवळ असावी.

(२) कोणते गाणे आणि कोणता हक्क. एका गाण्याचा करार करताना ‘पुढील सर्व रचना’ असे शब्द नकळत घातलेले नाहीत ना, हे पाहावे.

(३) मुदत व प्रदेश. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे आहे, असे कायदा मानतो. प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरता आहे, असे मानतो. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द दिसले, तर त्यांचे वेगळे मोल मागावे.

(४) मोबदला. रक्कम किती, वाटा किती टक्के, हिशेब केव्हा मिळणार, हे स्पष्ट असावे. उचल घेतलेली असल्यास ती कशातून आणि किती वळती होणार, तेही लिहिलेले असावे.

(५) न वापरलेला हक्क. कंपनीने घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे नमूद केलेले नसल्यास त्या हक्काचे हस्तांतर संपुष्टात येते.

हक्क जसे आपले असतात, तसे दुसऱ्याचेही असतात. लोकपरंपरेतील ओवी अथवा गोंधळाची चाल कोणा एकाच्या मालकीची नसते. ती कोणीही गाऊ शकतो. परंतु त्या चालीवर एखाद्या कंपनीने काढलेले विशिष्ट मुद्रण तिच्या मालकीचे असते. लोकप्रिय चित्रपटगीत आपल्या आवाजात गाऊन विकायचे असेल, तर संबंधितांची परवानगी घ्यावी लागते.

७. हिशेबाची वही

स्वतंत्र कलावंताला गवयाबरोबरच कारकूनही व्हावे लागते. गाणे तयार झाले की शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणी काय वाजवले आणि कोणाचा वाटा किती, हे त्याच दिवशी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. गाणे गाजण्यापूर्वी वाटे ठरवणे सोपे असते. गाजल्यानंतर मैत्रीतही वितुष्ट येते.

बहुतेक मोठ्या श्रवणसेवा एकट्या कलावंताकडून थेट गाणे घेत नाहीत. मध्ये वितरक असतो. काही वितरक वार्षिक शुल्क घेतात, तर काही उत्पन्नातील वाटा घेतात. शुल्क भरणे थांबवल्यास गाणे काढले जाते काय, हे आधी विचारावे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी किमान १,००० वर्गणीदार आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा नव्वद दिवसांत छोट्या चित्रफितींची एक कोटी प्रेक्षणे, अशी अट आहे. पैसे घेऊन श्रवणसंख्या फुगवून देणाऱ्यांपासून दूर राहावे. अशी बनावट संख्या आढळल्यास मोबदला रोखला जातो आणि गाणेही काढले जाऊ शकते.

वितरित होणाऱ्या प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षरांकांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो. त्याला आयएसआरसी असे म्हणतात. गाणे कोठेही वाजले, तरी या क्रमांकावरून ते मुद्रण ओळखले जाते. मात्र क्रमांकासोबत नोंदवलेली नावे अचूक असावी लागतात. गीतकाराचे नाव गाळले अथवा गायकाचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिले, तर त्याचा मोबदला अडकून पडतो. शाहिराने कवनात गुंफलेली नाममुद्रा ऐकणाऱ्याच्या स्मरणात राही. आजची नाममुद्रा यंत्र वाचते, आणि ती नीट भरणे हे कलावंताचेच काम आहे.

साधने बदलली, तरी एक गोष्ट बदललेली नाही. आपल्या गाण्याची मालकी, आपल्या श्रोत्यांचा पत्ता आणि आपल्या पैशांचा हिशेब या तिन्ही गोष्टी ज्याने स्वतःकडे ठेवल्या, त्याला कमी श्रोत्यांवरही उभे राहता येते. त्या हातून गेल्या, तर लाखो श्रोते असूनही तो रिकाम्या हाताने घरी परततो.

तुम्ही काय शिकलात

• गाण्याची लोकप्रियता आणि कलावंताची मिळकत या वेगळ्या गोष्टी आहेत.
• तबकडी व कॅसेटच्या काळात निर्मिती आणि विक्री प्रामुख्याने कंपन्यांच्या हाती होती. इंटरनेटमुळे कलावंताला थेट विक्री शक्य झाली.
• श्रवणसेवेतून मिळणारा मोबदला अल्प व अनिश्चित असतो. मोजक्या श्रोत्यांना केलेली थेट विक्री अधिक लाभदायक ठरू शकते.
• २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधनातील समान वाटा सोडून देता येत नाही.
• मालकी, श्रोत्यांशी थेट संबंध आणि हिशेब हे स्वतंत्र उपजीविकेचे तीन आधार आहेत.

शब्दार्थ

बिदागी – कलावंताला सादरीकरणाबद्दल दिले जाणारे मानधन
उचल – आगाऊ घेतलेली रक्कम
अडत – विक्री करून देण्याबद्दल घेतलेला मोबदला
प्रताधिकार – रचनेवरील कर्त्याचा कायदेशीर हक्क, कॉपीराइट
स्वामित्वधन – रचनेच्या वापराबद्दल मिळणारा मोबदला, रॉयल्टी
वितुष्ट – बेबनाव, वैर

पाठान्त प्रश्न

१. ‘सीडी बेबी’ या दुकानाची चार तत्त्वे लिहा. त्यांतील कोणते तत्त्व तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते? कारण द्या.
२. श्रवणसेवेत जमा झालेल्या पैशांचे वाटप कसे होते, ते स्पष्ट करा.
३. ‘परक्याच्या अंगणातील मांडव’ या शब्दयोजनेचा अर्थ पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे सांगा.
४. शाहिराची नाममुद्रा आणि आजचा आयएसआरसी क्रमांक यांतील साम्य व भेद लिहा.
५. पुढील वाक्यातील अधोरेखित करण्याजोगी विरोधी कल्पना शोधा : ‘रचना लोकांच्या ओठांवर होती, तिचे मोल रचनाकाराच्या पदरात पडले नाही.’
६. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या वादकाला अथवा गायकाला भेटा. त्याच्या मिळकतीचे मार्ग कोणते, तो हिशेब कसा ठेवतो, यांविषयी त्याच्या संमतीने माहिती घ्या आणि दहा ते बारा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) (१) सुपारी (२) नाममुद्रा. (आ) एकरकमी मानधन दिले जात असल्याने पुढील विक्रीतील वाटा कलावंताला मिळत नव्हता.

प्रश्न २ : (अ) (१) चूक (२) बरोबर. (आ) एकूण विक्री ३०,००० रुपये. अडत ४,५०० रुपये. उरलेली रक्कम २५,५०० रुपये.